सोमवार पाळणारं इंजिन

मित्रांनो, मी जीपचं एक जुनं पेट्रोल इंजिन आहे. लोहा गावाच्या अलीकडे रस्त्याकडेला एक पत्र्याची शेड आहे, तिथे लाकडी ठोकळ्यांवर मला ठेवलंय. येणारा-जाणारा माझ्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "हे ते मोठं केलेलं इंजिन. असली इंजिनं टिकत नसतेत." ज्यांनी आयुष्यात कधी कुठल्या इंजिनाचं तेल बदललं नाही, ते हे बोलतात. मला त्याचा राग येतो. म्हणून मी रागातच सांगणार आहे. पण खोटं सांगणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, त्यात चार नळकांडी, त्यांत वर-खाली पळणारे चार पिस्टन आणि पोटात आडवा फिरणारा एक वाकडा दांडा. त्या दांड्याला क्रँक म्हणतात. पिस्टन वर-खाली होतो, क्रँक त्याचं गोल फिरणं करतो आणि त्यावर गाडी चालते. एवढं समजलं की माझी सगळी गोष्ट समजेल.

आधी मी एका सरकारी जीपमध्ये होतो. सरकारी गाडीत बसणारे पुष्कळ असतात, तिचं बॉनेट उघडणारा कुणी नसतो. तेल काळं होऊन डांबरासारखं झालं तरी साहेब म्हणायचे, चालतंय. शेवटी चालेना, तेव्हा नांदेडला लिलाव झाला आणि मला चन्नबसप्पांनी घेतलं.

चन्नबसप्पा हे चाकूरजवळच्या माळावरच्या गावाचे. चाकुरात त्यांचं आडतीचं दुकान होतं, गावात थोडी जमीन आणि एक देखणी खिलार जोडी. माणूस वाईट नव्हता. पण चार लोकांनी बघावं याची त्यांना भारी हौस. जीपला त्यांनी पितळी भोंगा बसवला, माझ्या पिस्टनच्या रिंगा मात्र बदलल्या नाहीत. त्यांच्या बायकोचं नाव गुरम्मा. तिला भोंग्याचं कौतुक नव्हतं. ती पहिल्या दिवशी म्हणाली, "गाडी आणलाव, ब्येस केलाव. पर हिला रोज बघणार कोण? बैलाला मी बघते." त्यावर चन्नबसप्पा नुसते हसले.

मग बहात्तरचा दुष्काळ आला.

माळावरच्या विहिरी तळाला गेल्या आणि मग तळही वाळले. पाणी उरलं ते खाली, ओढ्यापलीकडच्या एकाच विहिरीत. गाव वर आणि पाणी खाली. मध्ये म्हसोबाचा चढ. बैलगाड्यांनी पाणी आणायला सुरुवात झाली, पण कडबा संपला तशी जनावरं बसू लागली. दुकानात माल येणं बंद झालं होतं. तेव्हा चन्नबसप्पांनी जीपच्या मागे ट्रॉली जोडली, ट्रॉलीत पाण्याची टिपाडं उभी केली आणि ड्रायव्हर शेषेरावाला म्हणाले, "चल. गाव आपल्याकडं बघालंय."

मी खालून निघालो आणि चढाच्या मध्यावर बसलो. दम पुरेना. क्लच जळल्याचा वास सुटला. शेषेरावाने चाकामागे दगड लावले आणि अर्धी टिपाडं तिथेच रस्त्यावर ओतून मोकळी केली. डोळ्यांदेखत पाणी फुफाट्यात गेलं. वरून घागरी घेऊन आलेल्या बायका ते बघत उभ्या होत्या. त्यांच्यात धोंडाबाई होती. तिच्या तोंडाला गावात सगळे भीत. ती म्हणाली, "आरं, धुरळ्याला पाणी पाजायला आणलास का हे डबडं? भोंगा तरी वाजव, तेवढंच बरं वाटंल!"

बायका हसल्या. पण हसणाऱ्यांच्या घागरी रिकाम्या होत्या.

चन्नबसप्पांनी जीप नांदेडला भुजंग मिस्त्रीकडे नेली. गुरम्माही बरोबर गेली. मिस्त्री भाव सांगतो तेव्हा नवरा मान हलवत बसतो, हे तिला माहीत होतं. भुजंग मिस्त्री हाताचा हुशार, पण त्याच्या बढाईला अंत नव्हता. माझ्यावर बुक्की मारून तो म्हणाला, "अप्पा, ह्याचा स्ट्रोक वाढवू. रेल्वेवानी खेचतंय का न्हाई बघा!"

"म्हंजी काय करणार?" गुरम्माने विचारलं.

"अक्का, सायकलचा पायडल बघितलाव न्हवं? ज्या दांड्यावर पायडल असतो तो जरा लांब केला तर चढावर पायाला जोर घावतो. तसंच. ह्याच्या पोटातल्या क्रँकचा हात लांब करायचा. पिस्टन जास्त खाली जातो, पेट्रोल-हवा जास्त घेतो, जोर वाढतो."

"आन वाईट काय हुतंय?"

हा प्रश्न भुजंगला कुणी विचारत नसे.

"वाईट म्हंजी... पिस्टनला तेवढ्याच वेळात जास्त पळावं लागतंय. त्येला धरणाऱ्या रॉडला आन रॉडच्या बोल्टाला झटके जास्त. तापतंय जास्त. जपावं लागतंय."

मित्रांनो, माझ्याविषयी एवढं खरं कुणी बोललं नाही, आणि तेही विचारल्यावरच. परदेशात असल्या इंजिनाला स्ट्रोकर म्हणतात, हे मी फार उशिरा ऐकलं. तिकडे लोक शर्यतीसाठी हे करतात म्हणे. आमच्याकडे घागरीसाठी केलं.

भुजंगने खर्च सांगितला. मिस्त्री खर्च सांगतो तेव्हा त्याची दीडपट धरून चालावं, हे मी तुम्हाला फुकट सांगतो. तो फक्त क्रँकचं बोलला. क्रँक लांब केला की पिस्टन वर आदळतात, म्हणून पिस्टन दुसरे लागतात. रॉड खालच्या कडेला घासतात, म्हणून ब्लॉक घासावा लागतो. जोर वाढला की क्लच दुसरा हवा. ताप वाढला की रेडिएटर मोठा हवा. या गोष्टी त्याने एकेक करून, काम अर्ध्यावर आल्यावर सांगितल्या.

पैसा कुठून आणायचा? बैलजोडी विकायची, असं ठरलं. चाऱ्याविना बैल तसेही झिजत होते. पण ते गुरम्माचे बैल होते. वासरं असल्यापासून तिने वाढवलेले. दोन दिवस ती गोठ्यातच बसून होती. मग म्हणाली, "कसायाच्या हातात जाऊ द्यायचे न्हाईत. हाळीच्या बैलबाजारात न्या, ज्याच्याकडं चारा आन काम हाय त्यालाच द्या. आन माझी एक अट हाय. बैलाचं काम हे इंजिन करणार, तर बैलाचा सोमवार बी ह्याला द्यायचा."

लिंगायतांच्या घरात सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. बैल म्हणजे बसवण्णा, आणि सोमवार त्याचा. चन्नबसप्पा म्हणाले, "आगं, लोखंडाला कसला आलाय सोमवार?"

"मंग बैल ऱ्हाऊ द्या. आन लोखंड बी ऱ्हाऊ द्या तसंच."

अट मान्य झाली. बैल गेले. तेवढ्यातही भागलं नाही, म्हणून आडतीचा मोठा वजनकाटा विकला. माल नाही तर तोलायचं काय, असं म्हणत चन्नबसप्पांनी तो दिला, पण देताना त्यांचा चेहरा उतरला होता.

माझ्या पोटातून क्रँक काढला. ज्या ठिकाणी रॉड बसतात तिथे धातू भरून, लेथवर फिरवून, घासून त्याचा हात लांब केला. नवे पिस्टन, नवे बोल्ट बसले. पहिल्यांदा सुरू झालो तेव्हा माझा आवाजच बदलला होता. पूर्वी मी खोकत होतो. आता खर्जात बोलू लागलो.

भुजंगने निघताना बजावलं, "पंधरा दिवस रिकामं चालवा. वजन न्हाई, पळवणं न्हाई. आतले भाग एकमेकांत बसू द्या. मंग काय बी लादा."

पंधरा दिवस! गावात टिपाडं ओळीने मांडून ठेवलेली. जीप दिसताच माणसं धावली. चन्नबसप्पांना तर आजच भरलेली ट्रॉली वर आणून दाखवायची होती. "मिस्त्री काय, बोलतोच," ते म्हणाले. गुरम्मा मध्ये पडली. रिकामी गाडी गावासमोरून फिरवणं तिलाही सोसवणारं नव्हतं आणि बैलाच्या मोलाची वस्तू फोडणंही नाही. शेवटी तिने शेषेरावाला सांगितलं, "चारच टिपाडं. आन हळू. कुणी काय बी म्हणो."

म्हणणारी धोंडाबाई होतीच. "गुरम्मा, बैलजोडी खाल्ली गं तुझ्या इंजिनानं, आन आणतंय चार टिपाडं! आन ते बघ, आपल्या आधी तेच पितंय!"

शेषेराव रेडिएटरमध्ये पाणी ओतत होता. माणसाला घोट नाही आणि लोखंडाला डबा, हे कुणाला बघवेल? मलाही ते पाणी गोड लागत नव्हतं. पण त्याच्याशिवाय मी जळालो असतो. गुरम्माने रांगेतली स्वतःची घागर पुढे घेतली आणि शेषेरावाच्या हातात दिली. "ह्याचं पाणी माझ्या वाट्यातलं," ती म्हणाली. त्या दिवसापासून धोंडाबाईचं तोंड निदान त्या बाबतीत बंद झालं.

पंधरा दिवस संपले. ट्रॉली काठोकाठ भरली आणि मी म्हसोबाच्या चढाला लागलो. मध्यावर, जिथे मी बसलो होतो तिथे, शेषेरावाने गिअर उतरवला. मी दम धरला आणि ओढत राहिलो. न थांबता वर आलो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायका घागरी घेऊन धावल्या आणि पाणी वाटलं गेलं. एवढंच झालं. मला दुसरं काही नको होतं.

पाऊस येईपर्यंत मी रोज पाणी ओढलं. रविवारी एक खेप जास्त, कारण सोमवारी सुट्टी. पहिल्याच सोमवारी भांडण झालं. भुजंग मुद्दाम गाडी बघायला आला होता आणि गुरम्मा त्याला पाना लावू देईना.

"आज त्याचा सोमवार हाय. हात लावायचा न्हाई."

"अक्का, बैलाला सोमवारी धुत होताव का न्हाई?"

"धुत हुते की."

"खूर बघत होताव? शिंगाला तेल?"

"हाव."

"मंग मी दुसरं काय करून राहिलो? ह्याच्या पोटातलं तेल बघायलोय, बोल्ट बघायलोय. ही त्येची अंघोळच समजा!"

गुरम्माला ते पटलं. तेव्हापासून दर सोमवारी शेषेरावाने तेल बघायचं, नट आवळायचे, पट्टा बघायचा, रेडिएटर धुवायचा, आणि गुरम्माने दगडावर बसून त्याच्याकडे बघत राहायचं. शेषेराव वैतागायचा, "अक्का, सरकारी साहेब बरे तुमच्यापरीस!" ती म्हणायची, "म्हणून तर लिलाव झाला हुता." मित्रांनो, मी नशिबाने टिकलो नाही. देवानेही टिकवलं नाही. त्या दगडावरच्या बाईने टिकवलं.

दुष्काळ गेला. आडत पुन्हा सुरू झाली, काटा नवा आला. मी ट्रॉली सोडून माणसं वाहू लागलो, चाकूर ते लातूर. ताकदीचं इंजिन म्हणून माझी चर्चा झाली. दुसरे जीपवाले येऊन विचारायचे, किती खर्च आला? चन्नबसप्पा आकडा सांगायचे. सोमवारचा खर्च कुणी विचारत नव्हतं आणि ते सांगतही नव्हते. त्यांना आता तो दिवस खुपू लागला होता. "सोमवारी सगळ्यांच्या गाड्या कमावतेत, आपली झोपते."

शेवटी गुरम्माला गुडघेदुखीने धरलं. दगडावर येणं कमी झालं आणि शेषेरावाचं तेल बघणंही. मग एकदा मी धूर सोडू लागलो, म्हणून नांदेडला नेऊन मला उघडलं. रिंगा बदलल्या. भुजंग म्हणाला, "अप्पा, उघडलंय तर रॉडचे बोल्ट नवे टाकू. ताणलेत."

"दिसतेत तर चांगले. आवळ तेच. लई खर्च झाला."

भुजंगने बोल्ट हातात फिरवून बघितले. त्याला कळत होतं. चांगलंच कळत होतं. पण गिऱ्हाईक जुनं आणि संध्याकाळ झालेली. "बरं, चालतंय," म्हणाला आणि तेच आवळले. 'चालतंय' या शब्दाने जितकी इंजिनं मारली तितकी दुष्काळानेही मारली नसतील.

त्याच वर्षी, ब्याऐंशी साली, लातूर जिल्हा झाला. आता कामाला उस्मानाबादला जायला नको. गावोगाव गुलाल उडाला. पंधरा ऑगस्टनंतरचा सोमवार होता, श्रावणातला. गाव म्हणालं, लातूरला जायचं. चन्नबसप्पांनी जीपला हार घातला. आत, मागे, बॉनेटवर, टपावर माणसं बसली.

गुरम्मा ओट्यावरून म्हणाली, "आज सोमवार हाय. आन गेल्या सोमवारी बी कुणी बघितलं न्हाई त्याला."

"जिल्हा काय रोज रोज हुतो का?" चन्नबसप्पा म्हणाले आणि भोंगा वाजवला.

रस्त्यात दुसऱ्या गावची जीप भेटली. तिच्यावर झेंडा मोठा होता, एवढंच कारण. चन्नबसप्पा म्हणाले, "शेषा, म्होरं घे." शेषेरावाने पाय दाबला. लोक ओरडू लागले. मी जिवाच्या आकांताने फिरत होतो. तिसऱ्या रॉडचा बोल्ट आधीच ताणलेला. मला कळत होतं. इंजिनाला सांगता येत नाही, फक्त आवाज करता येतो. मी आवाज केला, खट् खट् खट्. भोंग्यात आणि घोषणांत तो कुणी ऐकला नाही.

बोल्ट तुटला. सुटलेला रॉड माझ्या ब्लॉकची भिंत फोडून बाहेर आला. गरम तेल रस्त्यावर सांडलं. शेषेरावाने गाडी कशीबशी कडेला घेतली. माणसांना काही झालं नाही, हे महत्त्वाचं. ती उतरली, मागून आलेल्या ट्रकमध्ये चढली आणि लातूरला गेली. जाता जाता एकजण म्हणाला, "मोठं केलेलं इंजिन, कवातरी असंच हुणार हुतं." दहा वर्षं पाणी आणि माणसं ओढल्यावर माझ्या वाट्याला हे आलं.

जीप ओढून घरी आणली, भुजंगला बोलावलं आणि त्याने मला खाली उतरवलं. अंगणात चन्नबसप्पा त्याच्यावर ओरडले, तो शेषेरावावर ओरडला आणि शेषेराव माझ्यावर. भंगारवाला दाराशी उभा होताच. गुरम्मा भिंत धरत बाहेर आली. तिने तुटलेला बोल्ट उचलला.

"मिस्त्री, हे बदलायचं तुमी सांगितला हुताव?"

"सांगितलो हुतो अक्का! देवाशप्पथ! अप्पाच न्हाई म्हणले."

"सांगितलाव. आन मंग जुनेच घातलाव."

गुरम्मा नवऱ्याकडे वळली. "आन तुमी हार घातलाव." मग शेषेरावाकडे. "तू पळवलास. आन मी बी घरात बसून राह्यले. ह्या लोखंडानं काय केलं ते सांगा कुणीतरी."

तिने बोल्ट भुजंगच्या हातात दिला.

"ह्याच्या पोटात काय वाचलं?" तिने विचारलं.

भुजंगने मला उलटं करून बघितलं. खूप वेळ बघितलं. "क्रँक वाचलाय अक्का. ओरखडा हाय, घासून जाईल. ब्लॉक दुसरा लागंल."

"तर दुसरा आणा. बोल्ट नवे. माझे बैल मी भंगारात घालणार न्हाई." चन्नबसप्पा काही बोलायला गेले, तर ती म्हणाली, "भोंगा इका."

भोंगा विकला. तुम्ही म्हणाल, ब्लॉक दुसरा, मग हा तोच कसा? माझ्या पोटात जो लांब हाताचा दांडा फिरतो तो हाळीला विकलेल्या बैलांच्या मोलाचा आहे. मी तोच.

नव्या ब्लॉकसह परत आलो तेव्हा पंधरा दिवस रिकामं चालायचं होतं. चाकूरच्या स्टँडवर गणपतीच्या दिवसांची गर्दी उभी. चन्नबसप्पांची नजर गर्दीवर खिळली, पण त्यांनी गुरम्मासाठी दार उघडलं. गुरम्मा पुढच्या सीटवर बसली, एकटी. शेषेराव सायकलवाल्यांच्या वेगाने लातूरकडे निघाला. रस्त्यावर लोक हात करत होते.

"आवो अक्का, घ्या की आमाला! सगळी जीप रिकामी हाय!"

"आज न्हाई बाबा," ती म्हणाली. "इंजिन नवं हाय. त्याला सवय हुऊ द्या."

"आन तुमी कशाला बसलाव मंग?"

"मी वझं न्हाई. मी राखण."

लातूरला पोचलो. गुलाल केव्हाच धुऊन गेला होता. कचेरीसमोर जिल्ह्याची नवी पाटी होती, तिच्याखाली शेषेरावाने मला थांबवलं. गुरम्माने पाटी बघितली, खाली उतरून बॉनेटवर हात ठेवला आणि मी किती तापलोय ते बघितलं. "बरं हाय," म्हणाली. मग परत निघालो, त्याच वेगाने.

त्यानंतर मी आणखी पुष्कळ वर्षं चाललो. डिझेलच्या गाड्या आल्या, तेव्हा थांबलो, मोडून नव्हे. आता शेडमध्ये आहे.

मित्रांनो, मोठ्या ताकदीची वस्तू घ्या, जरूर घ्या. पण दुकानात दिलेला पैसा म्हणजे तिची सगळी किंमत, असं समजू नका. बाकीची किंमत दर आठवड्याला द्यायची असते, वेळ काढून, हात काळे करून. ती देणार नसाल तर घेऊच नका. आणि तुमच्या गाडीतून, पंपातून, गिरणीतून वेगळा आवाज आला, तर भोंगा बंद करा, तोंड बंद करा आणि आधी तो ऐका.